जगदेव सर आणि उलटी बाजू

वाशीमच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की बियाण्या-औषधांचं एक दुकान लागतं. त्याच्या डोक्यावर एक खोली आहे. खाली फवारणीच्या औषधाचा वास आणि वर इंग्रजी. तिथं जगदेव सर गेली कित्येक वर्षं पोरापोरींना इंग्रजी बोलायला शिकवतात. जिना इतका अरुंद की उतरणारा भिंतीला चिकटल्याशिवाय चढणाऱ्याला वाट मिळत नाही, आणि दोघंही 'सॉरी, सॉरी' करत राहतात. "निम्मं इंग्रजी त जिन्यातच येते," असं सर सांगायचे आणि स्वतःच हसायचे. आता सांगत नाहीत. का नाही, तेच सांगायचं आहे. पण जरा दमानं घ्या, आधी माणूस तर ओळखीचा होऊ द्या.

माणूस साधा, शेतकऱ्याघरचा. अमरावती विद्यापीठाचं इंग्रजीतलं एम.ए., तेही चांगल्या मार्कांनी. त्याचं काय झालं म्हणाल, तर तासिका तत्त्व. म्हणजे शिकवाल तेवढ्याच तासांचा पगार, आणि उन्हाळ्यात तोही नाही. दर जूनला मुलाखत द्यायची आणि दर जूनला कायमच्या जागेवर दुसऱ्याच कुणाची तरी वर्णी लागायची. असं करता करता डोक्यावरचे केस गेले. एका जूनला मुलाखतीच्या खोलीबाहेर बसल्या बसल्या त्यांना स्वतःचीच लाज वाटली. उठले, घरी आले, ही खोली भाड्यानं घेतली आणि फळा टांगला. बायको भागिरथा अंगणवाडीत आहे, तिची जीभ मोठी तिखट. "साऱ्या जगाले भांडाले शिकवतेत, अन् गॅसवाल्यासंग भांडाले मले पाठवतेत," असं ती पाहुण्यांदेखत म्हणते. तिचं काही खोटं नाही. या माणसानं स्वतःसाठी कधी कुणाशी आवाज चढवला नाही.

पण भांडायला शिकवणं हीच त्यांची खरी विद्या. म्हणजे वादविवाद. सरांचं म्हणणं असं, की आपल्याकडचं पोरगं इंग्रजीला भीत नाही, ते बोलायलाच भितं. घरी बाप बोलतो, शाळेत मास्तर बोलतो, हे बिचारं बोलणार कधी? म्हणून आधी आपल्या वऱ्हाडीत भांडायचं, हातवारे करून, टेबल बडवून. जीभ सुटली की मग तेच इंग्रजीत. दुसरा नियम याहून कडक होता. आपल्याला पटते ती बाजू घ्यायची नाही, उलटी घ्यायची. "समोरच्याच्या तोंडात काय येणार हाय, ते आधी आपल्या तोंडात येऊ द्या." मुद्दे कुणी कुणाला लिहून द्यायचे नाहीत, ज्याचे त्यानं आपल्या पोटातून काढायचे. आणि रोज घरी मोठ्यानं बोलायचं. "भिंतीले सांगा, म्हशीले सांगा, पण मोठ्यानं सांगा. मनातल्या मनात इंग्रजी कोणालेच येत नाई." मग काय, आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी म्हशींनी मोबाइलचे फायदे आणि तोटे दोन्ही भाषांत ऐकले.

चांगलंच चाललं होतं हो. कुणी नर्स झालं, कुणी बँकेत चिकटलं, सगळे पेढे घेऊन जिना चढायचे आणि पाया पडायचे. सरांना वाटायचं, कायमची नोकरी नाही लागली तर नाही लागली, आपल्या हातून कुणाचं वाईट तर झालं नाही.

मग राखी आली.

राखी केनवड गावची. अंगानं बारीक, बोलताना नजर तुमच्याकडे नाही, फळ्याच्या कोपऱ्याकडे. टाळेबंदीत तिला पुण्याच्या एका कंपनीचं काम लागलं होतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, त्यांना इंग्रजीत उत्तरं लिहायची. लिहिणं तिचं चोख होतं. टाळेबंदी उठली तरी तिचं काम घरूनच चालू राहिलं आणि ते पथ्यावरच पडलं, कारण मधल्या काळात तिची आई चतुराबाई लकव्यानं पडली. डावा हात गेला, डावा पाय गेला, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. बाप आधीच वारलेला, भाऊ नाही. घरात मायलेकी दोघीच. राखी खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसायची. एक उत्तर लिहायचं, मायला पाणी पाजायचं, दुसरं उत्तर लिहायचं.

आणि कंपनीचा हुकूम सुटला, आता सगळ्यांनी ऑफिसात यायचं. ज्याला खरीच अडचण असेल त्यानं ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेबापुढे आपली बाजू मांडावी. साहेब दक्षिणेकडचा, त्यामुळे बोलायचं ते इंग्रजीतून. लिहून दिलं तर चालेल का म्हणून राखीनं विचारून पाहिलं. नाही चालणार म्हणाले. मग शेजारणीला मायजवळ बसवून ती सरांच्या वर्गाला येऊ लागली.

"सर, मले बाकी काई नोका शिकवू," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "मले घरी राहू द्या, एवढंच इंग्रजीत नीट बोलता आलं पाह्यजे. म्या पुण्याले गेली त मायले कोण पाहीन? अन् नोकरी सोडली त दोघी खाऊ काय?"

सरांना पोरीची दया आली. त्यांनी फळ्यावर विषय लिहिला, घरून काम बरं की ऑफिसात, आणि सगळा वर्गच कामाला लावला. पवन नावाचा एक गडी होता, त्यानं आजवर ना घरी काम केलं होतं ना बाहेर, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी सारख्याच जोरात बोलला. वर्ग पोट धरून हसला. राखीच्या वाट्याला अर्थातच उलटी बाजू आली, ऑफिसची.

"सर, मले हे नोको. मले घराची बाजू पाह्यजे."

"घराची बाजू तुह्या पोटात हायेच, बाई. तुहा साहेब काय काय बोलीन, ते आधी तू बोलून घे. मंग तो काई बोलू दे, तू अडणार नाई."

ती बोलली, पण नुसतं वरवरचं. घरी लाइट जाते, नेट जाते, लक्ष लागत नाही. सर मान हलवत. "हे त पुस्तकातलं झालं. हे कोणीबी सांगीन. पोटातून काढ." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सर आपले हट्टाला पेटलेले. आणि एका दुपारी, काय झालं कोण जाणे, राखी उभी राहिली आणि बोलायला लागली.

"घरून काम करा म्हणते लोकं. करून पाहा म्हणा! ऑफिसात माणसाले नाव असते. कोणी म्हणते राखी, तुहा डरेस चांगला हाय. कोणी म्हणते चाल, चहा घेऊ. डबा उघडला का चौघीचे हात त्यात पडते. घरी काय असते? घरी भिंत असते. सकाळपासून एकच आवाज. राखी, पाणी. राखी, कूस बदल. राखी, दारात कोण आलं. माह्यासंगच्या पोरी कुठच्या कुठं गेल्या, अन् म्या तिथंच. मले बाहीर जाऊ द्या. एक डाव घराले कडी लावून मले बाहीर जाऊ द्या!"

मग सरांनी टेबलावर जोरात हात मारला. "असं पाह्यजे! याले म्हणतेत मुद्दा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राखी खाली बसली ती थेट बाकावर डोकं टेकून. शेजारच्या निकितानं तिच्या पाठीवर हात ठेवला. सरांना ते दिसलं होतं, पण त्यांना वाटलं, पहिल्यांदाच मोकळं बोलली, म्हणून घाबरली असेल. ते खुशीत होते. शिकवणाऱ्याची खुशी मोठी आंधळी असते बघा.

"आता हेच रोज घरी. मोठ्यानं," त्यांनी बजावलं.

राखी गुणाची पोर. सरांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. माय दुपारी झोपली की ती घरामागच्या गोठ्यात जायची आणि गाईपुढे उभी राहून ऑफिसची बाजू मांडायची. आधी वऱ्हाडीत, मग इंग्रजीत.

मीटिंगच्या दिवशी ती सरांच्या खोलीतच आली, कारण केनवडच्या नेटवर्कचा भरवसा नव्हता. सरांनी खालच्या दुकानदाराला हात जोडून सांगितलं, की थोडा वेळ हमालांना ओरडू देऊ नका. पंखा बंद केला. लॅपटॉपवर साहेबाचा चेहरा उमटला. साहेब एकेक मुद्दा काढत गेला आणि राखी एकेका मुद्द्याला उत्तर देत गेली. साहेबाचा एकही मुद्दा तिला नवा नव्हता. आणि शेवटी ती जे बोलली, ते सरांनीही कधी ऐकलं नव्हतं. इंग्रजी साधंच होतं, चुकाही होत्या. ती म्हणाली, माझी आई ही माझी अडचण नाही. तुमच्या गिऱ्हाइकांचं कितीही वाईटसाईट मी शांतपणे वाचते, कारण हात लांब केला की आईचं अंग लागतं. ती शेजारी आहे म्हणून मी कामाला बसू शकते. तिला सोडून मी ऑफिसात आले तर तिथं नुसतं माझं शरीर बसेल.

साहेबानं समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाला, ठीक आहे, तुम्ही घरूनच काम करा. सरांनी चष्मा काढून पुसला. राखी रडली, हसली, पुन्हा रडली, खाली वाकून सरांच्या पाया पडली आणि पहिली एसटी धरून घरी गेली.

घरी खाट रिकामी होती.

शेजारणीनं सांगितलं, की तुझा जऊळक्याचा मामा गाडी घेऊन आला होता. चतुराबाईनंच सकाळी राखी गेल्यावर शेजारच्या पोराला फोन लावायला सांगून भावाला बोलावलं होतं. मामानं आणि त्या पोरानं तिला उचलून गाडीत बसवलं. जाताना शेजारणीला म्हणाली, माह्या राखीले सांगजो, आता मोकळी झाली म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखी सरांच्या दारात उभी. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता ते दिसतच होतं. "सर, माय येत नाई म्हणते. फोनवर आयकतच नाई. तुमी चाला. तुमचं आयकीन." भागिरथानं सरांची चप्पल पुढे सरकवली. दोघं पॅसेंजरनं जऊळक्याला गेले.

मामाचं, रामधनचं घर स्टेशनापासून जवळच. ओसरीवर खाटेवर चतुराबाई बसवलेली, पाठीशी गोधडी, वेणीफणी केलेली. चेहऱ्यावर राग म्हणाल तर कुठंच नाही. राग असता तर बरं झालं असतं, रागाची समजूत काढता येते.

"मास्तर आले का? बसा. वहिनी, चहा ठेव वं."

राखी खाटेच्या पायाशी बसली. "माय, घरी चाल. साहेब हो म्हणला. मले घरीच राहाचं हाय."

"नाई, बाई. तू पुण्याले जाय. म्या आयकलं सारं. तू गोठ्यात बोले अन् म्या खाटेवर आयके. भिंत पत्र्याची, काई लपते का? पहिल्या दिवशी वाटलं, फोनवर कोणासंग बोलून राह्यली. मंग समजलं, फोन त इथं माह्या उशाशी हाय. तू एकटीच बोलून राह्यली. एकटं माणूस कायले खोटं बोलीन?"

"अवो माय, तो अभ्यास होता! सर असंच शिकवतेत. उलटी बाजू घ्या लागते. काल म्या साहेबाले काय सांगतलं, तुले मालूम हाय का?"

"ते इंग्रजीत सांगतलं नं? मले काय समजते त्यातलं."

राखीनं तोंड उघडलं. काल साहेबाला जे सांगितलं ते आज आईला सांगायचं होतं, बस. पण इंग्रजीत परक्या माणसाला जे सहज सांगून गेली, ते मायच्या डोळ्यांत बघून वऱ्हाडीत सांगता येईना. आपल्याकडे मायला तोंडावर असं कधी कुणी म्हणतं का, की तू शेजारी आहेस म्हणून मी आहे? शब्दच नसतात त्याला. ती नुसती 'माय, माय' करत राहिली.

"आता तोंडावर गोडच बोलशीन," चतुराबाई तिच्या केसांवरून उजवा हात फिरवत म्हणाली. "मले बरं वाटावं म्हून. माह्यामांगं बोलली, ते खरं. तुही काई चूक नाई वं. मलेच आधी समजाले पाह्यजे होतं."

मग तिनं सरांकडे पाहिलं. "मास्तर, तुमी शिकलेले हा. मले एकच सांगा. 'राखी, पाणी. राखी, कूस बदल. मले बाहीर जाऊ द्या.' हे तुमी शिकवलं होतं तिले? हाव का नाई, एवढंच सांगा. तुमी हाव म्हणसान त म्या आत्ता उठते इथून."

राखीनं सरांकडे पाहिलं. असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा. सर गोरेमोरे झाले. ओसरीवर मामा उभा, मामी चहा घेऊन उभी, सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते. एक शब्द, बस. पण या माणसाच्या तोंडून काय निघालं?

"नाही," सर म्हणाले. "मुद्दे ज्याचे त्यानं आणायचे असतात. तो वर्गाचा नियम आहे."

मुलाखतीच्या खोलीत बोलावं तसं, शुद्ध भाषेत बोलले. काय म्हणावं या माणसाला! चतुराबाईनं मान डोलावली. "बस, मास्तर. झालं. चहा घ्या." आणि नंतर कुणी कितीही विनवलं तरी ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. एकदाच राखीला म्हणाली, "मले उचलून नेशीन त ने. म्या काई धावू शकत नाई. पण तिथं म्या अन्न घेणार नाई."

शेवटी राखीनं हात टेकले. आपल्यामुळे माय उपाशी राहील, या भीतीनं ती पुण्याला गेली. ज्या साहेबाला गळ घालून घरी राहायची परवानगी मिळवली, त्यालाच तिनं कळवलं की मी ऑफिसात येते. रोज दुपारी डब्याच्या वेळी ती मामीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावायची. चतुराबाई सगळ्या मुलींना बघायची, काचेच्या भिंती बघायची, आणि आल्यागेल्याला सांगायची की माही राखी हापिसात जाते, चौघीसंग जेवते. मामीनं तिची हयगय केली नाही. तिथं कुणीच वाईट नव्हतं, हेच तर दुखणं आहे.

थंडी सरता सरता एका दुपारी चतुराबाईला दुसरा झटका आला. राखी तेव्हा ऑफिसात डबा उघडून मामीला फोन लावतच होती. तेवढ्यात मामाचाच फोन आला. ती जऊळक्याला पोहोचेपर्यंत माती खोळंबून ठेवली होती. सरही गेले होते. गर्दीत मागे उभे राहिले, पोरीच्या समोर जायची त्यांची हिंमत झाली नाही.

तेरवी झाली आणि पुण्याला परतायच्या दिवशी राखी वाशीमला उतरली. खोलीत सर एकटेच होते. ती बाकावर बसली, आणि या खेपेला तिची नजर फळ्याच्या कोपऱ्याकडे नव्हती.

"सर, एक इचारू? त्या दिवशी मायनं तुमाले इचारलं. तुमी नाई कायले म्हटलं?"

सरांनी हे स्वतःला कितीदा विचारलं असेल, त्यांचं त्यांना माहीत. "खरं होतं ते, राखी," ते कसेबसे म्हणाले. "मी एकही शब्द तुला दिला नव्हता."

"खरं होतं. म्या कुठं नाई म्हणते? पण ते दुपारचं खरं होतं, सर. दिवसभर काम करून डोकं उठलं म्हणजे ते खरं वाटे. संध्याकाळी मायची वेणी घालाले बसली का दुसरं खरं असे. ते म्या मायपुढं कधी मोठ्यानं बोललीच नाई. मायनं एकच आयकलं अन् तेच घेऊन गेली." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "तुमी आमाले सांगतलं, जे पटत नाई तेच पोटातून बोला. पवन बोलला, निकिता बोलली, म्या बोलली. तुमाले त एकच शब्द बोलाचा होता."

आता सरांची नजर फळ्याच्या कोपऱ्याकडे गेली. पोरांना उलटी बाजू घ्यायला लावण्यात या माणसाचा जन्म गेला, आणि स्वतः त्यानं ती एकदाही घेतली नव्हती. त्याला वाटत आलं होतं, आपण सच्चे आहोत. जऊळक्याच्या ओसरीवर त्याला भीती वाटली ती एवढीच, की आपल्या तोंडून खोटं निघेल. मायलेकींचं शेवटचं सोबतीनं राहणं त्या भीतीपायी गेलं, हे आज ती पोर त्याच्यासमोर बसून सांगत होती, आणि तेही रडत, भांडत नव्हे.

"मायनं मानलं असतं का नाई, मले मालूम नाई," राखी उठत म्हणाली. गाडीची वेळ झाली होती. "पण तुमी म्हणाले पाह्यजे होतं. म्हणाले पाह्यजे होतं नं, सर?"

"हाव," जगदेव सर म्हणाले.